फोटो दुरुस्तीचे सॉफ्टवेअर : भाड्याने की स्वतःचे?

पूर्ण गणवेशातला आजोबांचा एकच फोटो आमच्या घरी आहे. तो १९७३ साली कोलकात्यात, धर्मतल्ल्याच्या एका स्टुडिओत काढलेला आहे. आजोबा तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. फोटो काळापांढरा, चार इंच रुंद आणि सहा इंच उंच. पाटण तालुक्यातल्या पन्नास पावसाळ्यांत त्याला बुरशी लागली. चेहरा वाचला, पण डाव्या खांद्यापासून छातीच्या फितींपर्यंत पांढरे चट्टे पडले.

उन्हाळी सुटीत आजीने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू फोटोच्या क्लबात हाईस नव्हं? मग एवढा नीट करून आण."

बाबांची बदली सध्या कोलकात्याला आहे. सुटीचा उरलेला महिना मी तिथेच होतो. म्हणजे जिथे फोटो काढला गेला, तिथेच तो दुरुस्त करायची संधी मिळाली. मी बाबांना उत्साहाने सांगितले की व्यावसायिक सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरली की काम होईल, सगळे मोठे फोटोग्राफर तेच वापरतात. बाबांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "आधी ॲप्रिसिएशन लिहून आण. मग पैशांचे बोलू."

आपल्याला वर्गात शिकवतात तेच ॲप्रिसिएशन: उद्दिष्ट, परिस्थिती, घटक, पर्याय, निर्णय. मला वाटले, दोन तासांत लिहून होईल. त्याला तीन आठवडे लागले. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहे. आपल्या क्लबला त्याचा उपयोग होईल, आणि ज्या पालकांकडे अशीच मागणी येणार आहे त्यांनाही होईल.

१. उद्दिष्ट

माझ्या पहिल्या कागदावर उद्दिष्ट असे होते: "उत्तम फोटो संपादन सॉफ्टवेअर मिळवणे." बाबांनी त्यावर लाल पेनने काट मारली. सॉफ्टवेअर हे उद्दिष्ट नसते, ते साधन असते. दुसऱ्या कागदावर मी लिहिले: "आजोबांचा फोटो स्वच्छ करून आठ बाय बारा इंचांची प्रिंट आजीला देणे, आणि ती फाइल पुढची पन्नास वर्षे उघडता येईल अशी ठेवणे."

उद्दिष्ट असे नेमके लिहिल्यावर अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. मला हजार फोटो एका दिवसात करायचे नव्हते, व्हिडिओ करायचा नव्हता, जाहिरात बनवायची नव्हती. एक फोटो, पण चोख. आणि "पन्नास वर्षे" हे दोन शब्द पुढे सगळ्यांत महत्त्वाचे ठरले.

२. परिस्थिती

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे. नाव पुसले आहे, पण रस्ता आणि एक क्रमांक वाचता येतो. तो क्रमांक निगेटिव्हचा. जुन्या पद्धतीत गिऱ्हाइकाला प्रिंट मिळे आणि निगेटिव्ह स्टुडिओकडे राही. पुन्हा प्रत हवी असेल तर क्रमांक सांगायचा. म्हणजे निगेटिव्ह सापडली तर दुरुस्तीची गरजच नव्हती. म्हणून पहिल्या रविवारी बाबांबरोबर फोर्ट विल्यममधून (त्याचे नाव आता विजय दुर्ग आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याचे) मैदान ओलांडून धर्मतल्ल्याला गेलो. त्या रस्त्याचे आजचे नाव लेनिन सरणी. शिक्क्यावरच्या पत्त्यावर आता बॅगांचे दुकान आहे. दुकानदाराला स्टुडिओ आठवत नव्हता.

तिथून जवळच, एस. एन. बॅनर्जी रोडच्या कोपऱ्यावर, एक मोठी जुनी इमारत आहे. ती बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओची. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला आणि चार्ल्स शेफर्डबरोबर त्याने ही कंपनी उभी केली. राजेरजवाडे, दरबार, हिमालय, सगळे त्यांनी काचेच्या निगेटिव्हवर टिपले. जगातल्या सर्वांत जुन्या स्टुडिओंमध्ये त्याची गणना होत असे. १९९१ मध्ये तिथे आग लागली आणि संग्रहाचा मोठा भाग गेला. जून २०१६ मध्ये स्टुडिओ कायमचा बंद झाला.

त्या इमारतीसमोर उभे असताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ज्यांच्याकडे प्रिंट होती, त्यांच्याकडे फोटो उरला. जे स्टुडिओच्या भरवशावर होते, त्यांच्याकडे फक्त क्रमांक उरला. आमच्याकडे प्रिंटही आहे आणि क्रमांकही आहे, पण त्या क्रमांकाचा आता काही उपयोग नाही.

सॉफ्टवेअरच्या वर्गणीचाही प्रश्न असाच आहे. फोटोशॉप पहिल्यांदा १९९० मध्ये विक्रीला आले. पुढची वीसएक वर्षे ते खोक्यातून विकत मिळे: एकदा पैसे भरा, ती आवृत्ती तुमची. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले की यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. लाइटरूमची विकत मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची. तेव्हापासून हे घर विकत मिळत नाही, भाड्यानेच मिळते.

भाड्याने राहणे वाईट नाही. आपण फौजी मुले आयुष्यभर क्वार्टरमध्येच राहतो. पण क्वार्टरमध्ये राहणारा माणूस भिंतीत कपाट बांधत नाही. सामान लोखंडी पेटीत ठेवतो, कारण बदलीचा हुकूम कधीही येतो. माझा मुद्दा एवढाच आहे: भाड्याचे सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर आपले सामान पेटीत आहे ना, हे आधी पाहा.

३. घटक

(अ) काम किती आहे?

धर्मतल्ल्याजवळ मेट्रो सिनेमाच्या बाजूला कॅमेऱ्यांच्या दुकानांची गल्ली आहे. तिला मेट्रो गल्ली म्हणतात. तिथे भेटलेले एक दादा लग्नांचे फोटो काढतात. मी त्यांना विचारले, "एवढी वर्गणी परवडते का?" ते हसून म्हणाले, "भाई, मैं सॉफ्टवेअर का पैसा नहीं देता, टाइम का पैसा देता हूँ."

त्यांच्या सांगण्यावरून मी वहीत हिशेब मांडला. सोपे जावे म्हणून वर्गणी महिन्याला हजार रुपये धरली. (खरा दर ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी पाहावा. तो बदलत राहतो, आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही तेही पाहावे.) लग्नसराईच्या महिन्यात दादा चार लग्ने करतात. प्रत्येकात ८०० फोटो निवडले, तर ३,२०० फोटो होतात. म्हणजे एका फोटोला सुमारे ३१ पैसे. एका फोटोमागे अर्धा मिनिट जरी वाचले, तरी महिन्याला १,६०० मिनिटे, म्हणजे २६ तासांहून जास्त वेळ वाचतो. त्यांच्यासाठी वर्गणी स्वस्तच आहे.

आता माझा हिशेब. क्लबमध्ये मी महिन्याला फार तर ४० फोटो करतो. एका फोटोला २५ रुपये, आणि वाचणार वीस मिनिटे. शिवाय मी पंधरा वर्षांचा आहे. पंचवीस वर्षांचा होईपर्यंत याच दराने १,२०,००० रुपये भरून झालेले असतील आणि हातात एकही परवाना नसेल. याला आपल्याकडे चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला म्हणतात.

तेच सॉफ्टवेअर, तोच दर, पण एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग. म्हणून "कोणते सॉफ्टवेअर चांगले?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणाच्या कामाला?" हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

(आ) पैसे थांबले की काय उरते?

वर्गणी थांबली म्हणून आपले फोटो कोणी काढून घेत नाही, हे आधी स्पष्ट करतो. उदाहरणार्थ, लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपली तरी फोटो दिसतात आणि बाहेर काढता येतात. मात्र संपादनाचा विभाग बंद होतो. आपण केलेली दुरुस्ती मूळ फोटोवर लिहिलेली नसते. ती सूचनांच्या यादीसारखी वेगळी साठवलेली असते: उजेड एवढा वाढव, सावली एवढी उचल. ही यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरला अर्धवटच वाचता येते. ती यादी म्हणजे नवी निगेटिव्हच. ती वाचणारे यंत्र भाड्याचे असेल, तर आपल्याकडे पुन्हा क्रमांकच उरतो.

उपाय अवघड नाही. काम पूर्ण झाले की त्याची पक्की प्रत टिफ या जुन्या आणि सर्वांना वाचता येणाऱ्या प्रकारात काढून ठेवायची. सॉफ्टवेअर कोणतेही असो, हा नियम सारखाच.

(इ) इंटरनेट आणि गुप्तता

वर्गणीची बहुतेक सॉफ्टवेअर ठरावीक काळाने इंटरनेटवरून परवाना तपासतात. आपल्या होस्टेलमध्ये इंटरनेट कधी आणि किती वेळ मिळते ते सर्व कॅडेटांना माहीत आहे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही आधुनिक सोयी फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवूनच काम करतात. आजोबांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोला त्याने फरक पडत नाही. पण कॅम्पचे, फायरिंग रेंजचे किंवा पाहुण्या अधिकाऱ्यांचे फोटो असे बाहेर पाठवणे योग्य नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. ते काढून टाकल्याशिवाय फोटो पुढे देऊ नये. म्हणून क्लबचे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालणारे असावे.

(ई) शिकणे

"नोकरीत फोटोशॉपच लागते, मग तेच का शिकू नये?" असा प्रश्न एका मित्राने विचारला. प्रश्न बरोबर आहे. छापखान्यांत आणि स्टुडिओंत तेच जास्त चालते. पण लेयर, मास्क, कर्व्ह, लेव्हल्स या कल्पना सगळीकडे त्याच आहेत. एका रायफलवर नेम साधायला शिकलेला कॅडेट दुसरी रायफल हातात आली म्हणून श्वास रोखायला विसरत नाही.

४. पर्याय

पहिला पर्याय, वर्गणी. वेग, सफाई आणि नव्या सोयी यांत तो पुढे आहे. धूसर फोटोतले कण काढण्याचे काम त्याने काही सेकंदांत केले, हे मी स्वतः पाहिले. पण दर आपल्या हातात नसतो. जानेवारी २०२५ मध्ये अडोबीने छायाचित्रकारांसाठीची सर्वांत स्वस्त, २० जीबीची योजना नव्या ग्राहकांना बंद केली. अमेरिकेत जुने ग्राहक तिच्यासाठी महिन्याला ९.९९ डॉलर भरत होते. दरमहा पैसे भरणाऱ्यांना तीच १४.९९ डॉलरला पडू लागली. वर्गणी घेताना आणखी एक गोष्ट नीट वाचावी: "दरमहा" लिहिले असले तरी करार वर्षाचा आहे का, आणि मध्येच सोडल्यास काही रक्कम भरावी लागते का.

दुसरा पर्याय, कंपनीचे पण मोफत. अफिनिटी हे सॉफ्टवेअर २०१५ पासून एकदाच पैसे भरून विकत मिळे. मार्च २०२४ मध्ये ती कंपनी कॅनव्हाने घेतली, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत झाले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते मात्र लागते. काम उत्तम करते. पण आज मोफत ठेवायचे हे कंपनीने ठरवले, तसे उद्याचेही तीच ठरवणार. फोटोपिया हे ब्राउझरमध्येच चालणारे दुसरे साधन. ते जाहिरातींवर चालते आणि फोटोशॉपच्या फाइली उघडते. एखादी तशी फाइल उघडून पाहायची असेल तर फार सोयीचे.

तिसरा पर्याय, मुक्त सॉफ्टवेअर. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये जिम्प बनवायला घेतले आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो, म्हणून एखाद्या कंपनीला ते बंद करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात बरीचशी फिल्टर लावल्यानंतरही मागे जाऊन बदलता येतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त साधने आहेत. उणिवाही सांगतो. छापखान्याच्या चार रंगांच्या कामात जिम्प अजून मागे आहे. त्याचे मेनू सुरुवातीला गोंधळात टाकतात. आणि डार्कटेबल जुन्या संगणकावर रखडत चालते.

"फुकट ते पौष्टिक" म्हणून आपण हसतो, पण मुक्त म्हणजे हलके असे मुळीच नाही. २०२३ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी "माया" ही प्रणाली बसवण्याचा निर्णय घेतला. ती उबुंटू या मुक्त प्रणालीवरच आधारलेली आहे.

चौथा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही, पण पेन ड्राइव्हवर फिरत असतो: क्रॅक केलेली प्रत. मी तो ॲप्रिसिएशनमध्ये लिहिला, कारण खोटे ॲप्रिसिएशन लिहायचे नव्हते. आणि लगेच खोडला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे. तिच्याबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. शिवाय गणवेशातल्या माणसाचा फोटो चोरीच्या हत्याराने दुरुस्त करून त्याच्या घरात लावायचा, हे मनाला पटत नाही.

५. चाचणी

कागदावरचा विचार पुरे झाला म्हणून मी प्रत्यक्ष काम सुरू केले. आणि पहिल्याच दिवशी चूक केली. बाबांनी आधी फोटो स्कॅन करून दिला होता. ती फाइल मी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये उघडली, उजळ केली आणि सेव्ह केली. मूळ फाइल गेली, तिच्या जागी कृत्रिम, भडक फाइल आली. नशीब, कागदी प्रिंट हातात होती. पुन्हा स्कॅन केले. दोष ॲपचा नव्हता. प्रत न काढता मूळ फाइलीला हात लावला, हा दोष माझा होता.

दुसऱ्या वेळी स्कॅनिंग नीट केले. पहिल्या स्कॅनमध्ये इंचाला १५० ठिपके होते, या वेळी ६०० घेतले. चार बाय सहा इंचांचा फोटो म्हणजे २,४०० गुणिले ३,६०० ठिपके, सुमारे ८६ लाख. प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणून यातून बरोबर आठ बाय बारा इंचांची प्रिंट निघते. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही सॉफ्टवेअरने पडला नाही. टोपीवरचे चिन्ह, जे पहिल्या स्कॅनमध्ये नुसता डाग होते, ते ओळखू येऊ लागले. वर्गणीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करून पाहायला सांगेन.

मग तीच फाइल दोन ठिकाणी दुरुस्त केली: एका महागड्या सॉफ्टवेअरच्या चाचणी प्रतीत, आणि जिम्पमध्ये.

महागड्या सॉफ्टवेअरमध्ये मी चट्ट्यांभोवती रेघ ओढली आणि बुद्धिमान भरणीचे बटण दाबले. अर्ध्या मिनिटात चट्टे गेले. खांदा सलग झाला, बाहीच्या सुरकुत्यासुद्धा दिसू लागल्या. मी थक्क झालो. जिम्पमध्ये तेच काम मी हील आणि क्लोन या साधनांनी हाताने करत होतो. चांगल्या भागातला पोत उचलायचा, शेजारच्या चट्ट्यावर ठेवायचा. चार संध्याकाळी मिळून सहा तास गेले. छातीवरच्या फितींपाशी येऊन मी थांबलो, कारण दुसऱ्या फितीचा अर्धा भाग बुरशीने पूर्ण खाल्ला होता आणि तिथे उचलायला काहीच नव्हते.

रविवारी आजीला व्हिडिओ कॉल केला आणि आधी ती झटपट झालेली प्रत दाखवली. कौतुक होईल असे वाटले होते. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही तिसरी फीत कुठनं आणलीस?"

मी नीट पाहिले. सॉफ्टवेअरने खाल्लेला भाग भरताना दुसऱ्या फितीशेजारी आणखी एक फीत काढली होती. अगदी खरी वाटेल अशी.

"त्यांना तवा दोनच हुत्या," आजी म्हणाली. "कापडं इस्त्री करून मीच लावत हुते. न्हाई ते लावू नगंस, बाळा."

मग मी जिम्पमधली अर्धवट प्रत दाखवली. फितीचा एक कोपरा तिच्यात पांढराच होता. मी म्हटले, इथे काही करता येत नाही. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. तेवढं बुरशीनं खाल्लं, खाल्लं. पर हाईत ते तेच हाईत."

आपल्या शाळेत एखाद्या कॅडेटने न मिळालेला बिल्ला लावला तर काय होते, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मी ते आजोबांच्या छातीवर केले होते, आणि माझ्या लक्षातही आले नव्हते. यात केवळ महागड्या सॉफ्टवेअरचा दोष काढणे बरोबर नाही, कारण अशी बटणे आता मोफत साधनांतही येत आहेत. पण एक फरक मला कळला. हाताने केलेल्या कामात प्रत्येक ठिपका कुठून आला ते मला माहीत होते. बटणाच्या कामात ते माहीत नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

६. निर्णय

बाबांना दिलेला शेवटचा कागद असा होता:

एक, आजोबांच्या फोटोसाठी जिम्प. वर्गणी नाही.

दोन, आपल्या फोटोग्राफी क्लबसाठी शिफारस: दुरुस्तीला जिम्प, आणि ज्या संगणकांना झेपेल त्यांवर डार्कटेबल. दोन्ही लॅबमध्ये इंटरनेटशिवाय चालतात आणि कितीही संगणकांवर बसवता येतात. वाचलेल्या पैशांतून एक चांगला स्कॅनर आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात.

तीन, पुढे कोणी कॅडेट फोटोग्राफीचा व्यवसाय करू लागला आणि महिन्याला हजारो फोटो हाताळू लागला, तर त्याने वर्गणी खुशाल घ्यावी. त्या दिवशी मेट्रो गल्लीतल्या दादांचा हिशेब त्याला लागू होईल. पण आधी स्वतःचे आकडे घालून तो मांडून पाहावा.

चार, सॉफ्टवेअर कोणतेही असो, मूळ स्कॅन कधी बदलायचे नाही, प्रतीवर काम करायचे, पक्की प्रत टिफमध्ये ठेवायची, आणि दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवायच्या. या शेवटच्या नियमालाही कोलकात्याचाच दाखला आहे. सत्यजित राय यांच्या "पथेर पांचाली"ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली. तरी तो चित्रपट पुढे पुन्हा उजळ करता आला, कारण जळक्या रिळांतला वाचलेला भाग होता आणि त्याच्या प्रती दुसरीकडे जपलेल्या होत्या.

पाच, जे फोटोत नाही ते भरायचे नाही. भरावेच लागले तर फाइलीबरोबर तशी नोंद ठेवायची.

बाबांनी कागद वाचला, पाचव्या मुद्द्याखाली रेघ मारली आणि सही केली. या वेळी निळ्या पेनने.

प्रिंट आम्ही धर्मतल्ल्याजवळच काढून घेतली. सुटी संपताना ती आजीला दिली. तिने ती देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावली, खिडकीपासून लांब, पावसाचा ओलावा लागणार नाही अशा जागी. फाइलीची एक प्रत कोलकात्यात बाबांकडे आहे, एक गावी काकांकडे. मूळ फोटो पाकिटात घालून आजीने पुन्हा तिच्या पेटीत ठेवला आहे. त्याच्या मागे स्टुडिओचा तो क्रमांक अजून वाचता येतो.

दुसऱ्या फितीचा कोपरा प्रिंटमध्येही पांढराच आहे. बघायला आलेल्या शेजाऱ्यांना आजी स्वतःच सांगते, "तेवढं बुरशीनं खाल्लंय."